वीस पट्ट्या

असोसिएशनच्या हॉलमध्ये प्राध्यापकांनी फळ्यावर
आडवी झोपलेली एक रेघ काढली.
मग ती उठली, चढली,
आणि वर जाऊन पुन्हा पसरली.
म्हणाले, प्रत्येक तंत्रज्ञान असंच जगतं.
माझ्या शेजारच्या फोर्जिंगवाल्या देवरेंनी
वड्याच्या कागदाला हात पुसत विचारलं,
"सर, आपण ह्या रेघेवर नेमके कुठे?"
लोक हसले. सर हसले नाहीत.
"चढताना कळत नाही," म्हणाले,
"वर पोचल्यावरही बराच वेळ वाटतं,
नुसता दम लागलाय."

मी अंबडच्या वडनेरे वॉशर्सची हिशेबनीस.
बावीस वर्षं तांब्याच्या चकत्या मोजतेय,
डिझेलच्या इंजेक्टरखाली बसणाऱ्या,
अंगठ्याच्या नखाएवढ्या, मधे भोक.
मालकांचे वडील तांबट आळीत बंब ठोकायचे.
गिझर आले, बंब गेले,
पण तांबं किती तापलं की मऊ पडतं
ती नजर उरली. तीच प्रेसवर आली,
महिन्याला नऊ लाख वेळा.

सर सांगत होते, बुडणाऱ्या कंपन्या आळशी नसतात.
त्या सगळ्यात चांगल्या गिऱ्हाइकाचं ऐकतात,
मन लावून ऐकतात,
आणि नवी वस्तू येते ती लंगडत,
ओबडधोबड, कुणाच्या खिजगणतीत नसलेली.

मला तो पोरगा आठवला. शार्दूल जगझाप.
पाथर्डी फाट्यापासून स्कूटर ढकलत आलेला,
त्यानंच बनवलेली, बॅटरी संपलेली.
त्याला तांब्याच्या वीस पट्ट्या हव्या होत्या,
दोन्ही टोकांना भोकं, मधे एक वाक.
"वीस नगांसाठी डाय कोण लावतं?" मालक म्हणाले.
चुकलं काय त्यांचं?
हिशेब मीच करून दिला होता,
कॅल्क्युलेटरवर, त्याच्या समोर.
पुण्याच्या कंपनीला चकती हवी होती,
आणखी चार पैशांनी स्वस्त.
दिली. दर वर्षी दिली.
त्यासाठी कर्ज काढून दोन प्रेस घेतल्या
ज्यांना चकतीशिवाय काहीही येत नाही.

आता गोंद्याच्या रस्त्याला जगझापचा बोर्ड आहे,
रात्री पेटतो, हिरवा.
आणि आमच्या शॉपमध्ये दुपारी
चिमण्यांचा आवाज ऐकू येतो.
इतकी वर्षं त्या होत्याच म्हणे पत्र्याखाली.

परवा निवृत्ती गांगुर्डे रिटायर झाले.
कपाट रिकामं करताना एक खाका निघाला,
पत्र्यातून कातरलेला: दोन भोकं, एक वाक.
मी बघत राहिले.
"पोरगं गेटवर बसलं होतं हो, उन्हात,"
एवढंच बोलले आधी. मग हळूहळू बाकीचं.
आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत,
भंगारातलं तांबं, हातकात्री, ड्रिल.
पहिल्या सहा वाकावर तडकल्या.
मग म्हातारे वडनेरे दाखवायचे तसं केलं,
काळपट लाल रंग येईपर्यंत तापवायचं
आणि सरळ पाण्यात.
"मालकांना नका सांगू," म्हणाले.
बिल नाही, चलन नाही, गेटपास नाही.
माझ्या एकाही वहीत ते काम झालेलंच नाही.

सरांनी शेवटाकडे म्हटलं होतं
(तोवर निम्मा हॉल चहाला उठला होता),
ज्याला आधीचं थोडं ठाऊक असतं
नवं त्यालाच ऐकू येतं.
मी ते डायरीत लिहिलं, दर आणि वजनांच्या खाली.
पण थोडं म्हणजे किती,
आणि ते कुठल्या खात्यावर टाकायचं?

काल मालकांनी जगझापच्या कंपनीचा फॉर्म
काही न बोलता माझ्या टेबलावर ठेवला.
जीएसटी नंबर, मशीनची यादी, बँक.
खाली एक रकाना: या कामाचा पूर्वानुभव.
मी गांगुर्डेंचं नाव घातलं.
पुढे लिहिलं, वीस नग.
मग खोडून
सव्वीस केलं.