बाणातला ण

कोर्टनाक्यावर झेरॉक्सच्या पत्र्याखाली
रेडकर टायपिस्ट बसतात.
"पूर्ण नाव सांगा," म्हणाले.
मी विचारलं, "कुठलं?"

जन्मले तेव्हा जयवंती होते, खारेगावच्या मढव्यांची.
सतरा वर्षांपूर्वी ताटात तांदूळ पसरले,
त्यानं अंगठीनं रेघा ओढल्या.
मी समोरून बसलेले, मला अक्षरं उलटी दिसली.
कुणीतरी मोठ्यानं वाचलं: श्रावणी!
मग बायका म्हणाल्या, आता नाव घे गं.
म्हणजे त्याचं. उखाण्यात.
माझं तर घेऊन झालं होतं.

त्या तांदळाचं पुढं काय झालं कोण जाणे.
खीर केली असेल,
पाहुण्यांनी चाटूनपुसून खाल्ली असेल.

आता सगळं परस्पर संमतीनं झालं.
संमती हा शब्द आमच्या संसारात
पहिल्यांदाच आला,
तोही निघायच्या वेळी.

गेल्या चैत्रात मामेभावाची हळद होती.
मामी म्हणाली, "तू बस गं, दमली असशील."
दमले नव्हते.
पाच जणींनी हळद लावली,
माझ्याकडे दिले आइस्क्रीमचे कप, मोजायला.
दोनशे चाळीस.
एक वितळला, तो मी खाल्ला.
त्याच रात्री त्याच्या गावातल्या कुठल्याशा हळदीचा
व्हिडिओ आला स्टेटसवर:
तो डीजेसमोर, कपाळापर्यंत पिवळा, नाचतोय.
त्याला कुणी म्हटलं नाही, बस, दमला असशील.

"मग माहेरचं लावू? जयवंती?"
रेडकरांची बोटं कीबोर्डवर थांबलेली.

श्रावणी नावानं मी वर्तकनगरात सव्वीस डबे देते.
भिशी, पासबुक, मुलीच्या प्रगतिपुस्तकावरच्या सह्या,
सगळं श्रावणी.
नाव त्यांनी दिलं, खरंय,
पण चपलेसारखं, वापरून वापरून
माझ्याच पायाचं झालं.
जयवंती रस्त्यात भेटली
तर मी ओळखणारही नाही.

"श्रावणीच ठेवा. आडनाव मढवी."
"आणि मधलं? वडिलांचं?"

अण्णा म्हणाले होते, घर उघडंच आहे तुला,
फक्त थोडे दिवस
मागच्या दारानं ये.

"आईचं लिहा."

रेडकरांनी चष्मा कपाळावर चढवला.
मी सुनंदा म्हणणार, तेवढ्यात जीभ अडली.
तिच्याही लग्नात
तांदूळ असतीलच की.

फोन लावला. पलीकडे नळ चालू,
ती मासे धूत असावी.
"आई, तुझं लग्नाआधीचं नाव काय गं?"
"कनाला ग आता?"
नळ बंद झाला.
बराच वेळ नुसता कुकर.
मग "चांगुणा," म्हणाली,
इतक्या हळू, जसं काही
बाजूला कुणी झोपलंय.

"आधारवर काय आहे?" रेडकरांनी विचारलं.
"सुनंदा."
"मग तेच टाकावं लागेल, ताई.
कागदाला कागद जुळला पाहिजे."

टाकलं. शंभर रुपये झाले.
पावतीच्या पाठीवर मी चांगुना लिहिलं,
पेन नीट चालेना, दोनदा गिरवलं,
आणि ब्लाउजात पैशांबरोबर ठेवलं.

टेंभी नाक्याला पोचते न पोचते
तोच फोन वाजला.
"अगो, बाणातला ण हां," आई म्हणाली.
"मास्तर नेमी नळातला लिवाचं."