एक्केचाळीस फेरे

एप्रिलचा शेवटचा रविवार. बर्फ उरलंय फक्त झाडांच्या
उत्तरेला, मळक्या फडक्यासारखं.
आम्ही पाच जण आणि एक थर्मास.
सगळ्यांत पुढे रेमी, साडेसहा वर्षांचा,
समोरचा दात कालच पडलेला.
सगळ्यांत मागे बाबा,
काठीपेक्षा हट्टावर जास्त रेलून.

"धरण कुठंय?"
हेच की. उरलंय ते हे.
दोन्ही काठांना ग्रॅनाइटची भिंत, मधे फट,
आणि फटीतून नदी.
तुझी जीभ कालपासून जातेय ना सारखी
त्या दाताच्या जागी,
तशीच. चाचपत.

पाटीवर गिरणीमालकांची नावं आहेत, बांधल्याचं साल आहे.
क्विबेकहून आलेल्या ज्या पणज्यांनी दगड वाहिले
त्यांच्यासाठी "मजूर" एवढा एकच शब्द, अनेकवचनी.
बाबांचं नाव असायचा प्रश्नच नव्हता.
ओविला थिबोडो, दारवान,
माणसांचा नाही, पाण्याचा.
तीस वर्षं रात्रीबेरात्री फोन वाजायचा,
वर डोंगरात कुठेतरी पाऊस झालेला असायचा,
आणि पायजम्यावर कोट चढवून ते निघायचे
लोखंडी चाक फिरवायला.
एक्केचाळीस फेरे.
एक कमी, तर खालच्या गल्लीत तळघरं भरणार.
एक जास्त, तर सकाळी मुकादमाची बोलणी.
आई सांगायची, झोपेतही मोजतो हा माणूस,
छत्तीसनंतर कूस बदलतो.

फोडायचं ठरलं त्या सभेत
मी "फोडा" म्हणून हात वर केला,
आर्मांने "राहू द्या" म्हणून. सख्खा भाऊ.
दोन ईस्टर आम्ही एका टेबलाला बसलो नाही.
बाबांचे हात खिशात होते.

तळं ओसरलं तेव्हा गाळाचा असा वास सुटला
की चर्चच्या खिडक्या लावून घ्याव्या लागल्या.
आर्मां म्हणाला, घे, ही तुझी नदी.
मला उत्तर सुचलं नव्हतं.
गाळाला सुचलं, पुढच्या जूनमध्ये:
शंभराहून जास्त वर्षं पाण्याखाली दबलेलं बी
फक्त उजेड पडला म्हणून उगवलं.
पेरलं कुणीच नव्हतं.
आता इथे छातीएवढं पाणकणीस, लव्हाळे,
कणसावर लोंबकळत भांडणारे
लाल खांद्यांचे काळे पक्षी,
आणि चिखल, ज्याने आत्ताच
रेमीचा डावा बूट ठेवून घेतला.
फ्लॉरेट वहिनी तो काठीने उकरतेय,
तिचं पुटपुटणं रविवारला शोभणारं नाही.

लाकडी फळ्यांची वाट संपते तिथे आर्मां थांबला.
"बघ," म्हणाला. नुसतं तेवढंच, पण मला म्हणाला.
काटक्या, चिखल, कुरतडलेली बर्चची खोडं,
मधेच कुणाचा तरी लोकरी मोजा:
बीव्हरने धरण बांधलंय.
ना सभा, ना परवाना, ना पाटी.
आर्मां हसायला लागला, मग मीही,
आणि आम्हाला थांबताच येईना.

बाबा हसले नाहीत.
काठी रेमीच्या हातात देऊन
गुडघ्यावर बसले, कसेबसे,
पाण्यात मनगटापर्यंत हात घातला.
"डाव्या अंगाला गळतंय."
"मग आता?" रेमीचा चेहरा उतरला.
"मग काय. येईल तो रात्री.
ही कामं रात्रीचीच असतात."
उठताना त्यांनी एकदा वर पाहिलं, ढगांकडे.
गाडीपाशी पोचेपर्यंत आणखी दोनदा.

रात्री साडेदहाला फोन वाजला.
फ्लॉरेट होती: थर्मास तुझ्याकडे आला का?
नाही. राहिला वाटतं तिकडेच, फळ्यांवर.
वळून पाहते तर बाबा दारात,
पायजम्यावर कोट, एका पायात बूट.
"किती चढलंय?"
"पाणी नाही, बाबा. थर्मास."
ते तसेच उभे राहिले थोडा वेळ,
बाहेरचं ऐकत.
मग कोटाची बटणं काढू लागले,
सावकाश,
ओठ हलताना दिसत होते.