दोन इंच माया

शाम शुई पो, नववा मजला.
जिथे ट्रायलचे कोट टांगायचो
त्याच हुकाला आता दोन लिटरची पिशवी.
पलंगाखाली खोकी, खोक्यांवर खोकी,
शिलाई मशीन भिंतीकडे तोंड करून,
रुसल्यासारखं.

दिवसातून चार वेळा पिशवी बदलायची.
नर्स फोक नुसतं 'बदल' म्हणते:
"सकाळचा बदल झाला का, मास्टर फुंग?"
मला हसू येतं. एकाहत्तर वर्षांत
जो एकदाही झाला नाही
तो हिला दिवसाला चार हवाय.

बायको होती तेव्हा म्हणायची,
सुंभ जळेल, पण पीळ जळायचा नाही तुमचा.
मी ते प्रशस्तिपत्रासारखं जपलं.
माणूस एकदाच बेतला जातो,
नंतर फक्त इस्त्री.

म्हणून पंखा बंद केला नाही. ऑगस्ट होता.
मास्क हनुवटीवर. हात धुतले, धुतल्यासारखे.
तिसऱ्या आठवड्यात पोटातून आलेलं पाणी
तांदळाच्या धुवणासारखं गढूळ,
पिशवीमागचं वर्तमानपत्र वाचता येईना.
मग ताप. मग अकरा दिवस हॉस्पिटल.

शेजारच्या खाटेवर मिनीबसवाला चाऊ,
तिसऱ्यांदा आलेला.
"आपला पिंडच असा," म्हणाला,
उशीखालचा खारा मासा पुढे करत.
मी घेतला. चांगला होता.
फक्त तो माझ्याच आवाजात बोलत होता,
ते ऐकवेना.

फोक आली. रागावली नाही.
विचारलं, काजं करायला शिकलात किती दिवसांत?
दिवसांत? दोन वर्षं!
उस्ताद चिंध्यांवर करून घ्यायचे
आणि रात्री सगळी उसवायचे.
"म्हणजे जन्मतः येत नव्हती," एवढंच म्हणून
ती चाऊचा ताप बघायला वळली.

मला पटलं असं नाही.
पण रात्री गिऱ्हाइकं आठवत राहिली:
लग्नात कंबर अठ्ठावीस, पन्नाशीत छत्तीस,
आजारातून उठला की पुन्हा तीस.
मी कुणाला विचारलं नाही, बदललात कसे.
प्रत्येक पँटच्या मागच्या शिवणीत
दोन इंच माया दुमडून ठेवायचो.
कापड महाग, माणसाचं काय सांगावं.
स्वतःला शिवताना मात्र
अगदी मापाला कापलं होतं.

आता पंखा बंद. खिडकी बंद. घामाच्या धारा.
नखांपासून कोपरापर्यंत साबण.
टोपण काढताना श्वास धरतो,
सुईत दोरा ओवताना धरायचो तसा.
पाणी स्वच्छ. मागची अक्षरं दिसतात.
वहीत लिहितो: आत दोन हजार,
बाहेर दोन हजार दोनशे.

काल दुपारचा बदल चुकला.
टीव्हीवर घोड्यांची शर्यत होती.
वहीत खोटा आकडा लिहिला,
मग खोडला.
खोडलेलं तसंच ठेवलंय.
उसवलेल्या टाक्यांची भोकं
कापडावर दिसतातच काही दिवस.