काना, मात्रा

संस्थेच्या फॉर्मवर होतं:
मार्गदर्शक, मोईज देशमुख, परभणी.
शिकाऊ, दैवशाला कांदे, मानवत.
सहा महिने. दर गुरुवारी फोन, रात्री साडेआठ.
शेवटचा रकाना: काय शिकलात?

पहिल्या गुरुवारी मी सत्तावीस कात्रणांचे फोटो पाठवले
आणि शाबासकीची वाट बघत
चहा गार होऊ दिला.
सर म्हणाले, "परिसरात एकच खळबळ उडाली,
असं तू नऊ वेळा लिहिलंयस.
एवढ्या खळबळीत मानवत झोपतं तरी कधी, बेटा?"

दुसऱ्या गुरुवारी, "संताप व्यक्त होत आहे."
कोण व्यक्त करायलंय?
सगळेच, सर.
"सगळ्यांचं आडनाव काय?"

राग यायचा.
जाहिरात आणली तर कमिशन,
बातमी आणली तर पेट्रोल आपलं,
त्यात हा माणूस विचारणार,
तो बोलला तेव्हा उभा होता की बसलेला.
दोन गुरुवार मी फोन उचललाच नाही.
तिसऱ्या गुरुवारीही साडेआठलाच वाजला.

मग जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी घसरल्या.
हमाल गेला.
रात्री अकराला दवाखान्याच्या व्हरांड्यात
कोणीतरी नाव सांगितलं, मी ऐकलं तसं धाडलं:
तात्याराव.
माझ्यावरून आणखी तिघांनी उतरवलं.

सकाळी सहाला फोन. गुरुवार नव्हता.
"त्यांच्या दारावर नाव काय आहे?"
पत्र्याचं दार आहे, सर. नाव कुठलं.
"मग रेशनकार्डावर?"
मी गप्प.
"थांब तिथंच. येतो."

पहिल्या एसटीनं आले, गुडघ्याला पट्टा,
पिशवीत थर्मास.
गल्लीच्या तोंडाशी सिमेंटचा पाईप पडला होता, त्यावर बसले.
"आत तू जा."

आत सत्वशीला, तिची थोरली लेक, माझ्याच वयाची.
रडून झालं होतं तिचं, किंवा व्हायचं होतं.
"कामून आलीस?
पेपरात मेला तो दुसराच कोणी.
आमचा बाप तातेराव.
तात्याराव पलीकडं गिरणी चालवतो,
सकाळपासून माणसं त्याच्या दारात जायलीत,
अन् तो बिचारा पिठाच्या हातानं
एकेकाला इकडं पाठवायलाय."

वाटेत वाक्य पाठ केलं होतं मी.
तोंडातून निघालं: चूक झालेली आहे.
तिनं नुसतं बघितलं.
आणि मला पाईपावरचा माणूस ऐकू आला,
कोणाकडून?

मी चुकले, म्हटलं.
मी विचारलं नाही.

ती उठली. पेटीतून रेशनकार्ड काढलं,
घडीवर फाटलेलं, आणि बोट ठेवून वाचू लागली,
पहिलीतल्या पोराला सांगावं तसं:
त ला काना. त ला मात्रा.
र ला काना. व.
मी लिहिलं. तिनं तपासलं.
माफ केलं, असं काही ती म्हणाली नाही.

बाहेर सरांनी टोपणात चहा ओतला.
काय झालं ते विचारलं नाही.
बराच वेळानं म्हणाले,
"ब्याण्णव साली माझ्याकडून असंच एक नाव गेलं.
पूर्णेकडचं.
मी गेलो नाही. लाज वाटली.
आणि चल म्हणणारं कोणी नव्हतं."
मग म्हणाले, चहात साखर कमी पडली.

शुद्धिपत्र आलं पान सातवर,
म्हशीच्या खुराकाच्या जाहिरातीखाली, दोन ओळी.
कोणी वाचलं माहीत नाही.
गिरणीवाल्यानं वाचलं. त्यानं फोन केला होता.

सहा महिने सरले.
शेवटच्या रकान्यात मी लिहिलं:
त ला काना, त ला मात्रा, र ला काना, व.

पुण्याहून मॅडमचा फोन आला,
हे जरा अपूर्ण वाटतंय,
सविस्तर लिहाल का?

नाही, म्हटलं.
एवढंच आहे.
फक्त छापताना एकदा तपासून घ्या.