मंगळवारची गाठ

दुखलं तरी सांगणार नाही, म्हणाला तो दारातच.
मग टेबलावर हात ठेवला
कुणीतरी सांभाळायला दिलेल्या पिशवीसारखा.

ओडवार. बोत्सफ्योर्डच्या बंदरातला.
विंचनं जाळ्याबरोबर त्याचा हातही ओढून घेतला
कोपरापर्यंत.
ट्रोम्सोच्या डॉक्टरांनी हाडं जुळवली, पट्टी बसवली,
आठ स्क्रू. एक्सरेत सगळं कसं ओळीनं.
एक्सरेत दिसत नाही ते
कातडी आणि स्नायू चिकटून बसलेले,
भिजलेल्या वहीची पानं सुकल्यावर बसतात तसे.

मी काही जन्माची मालिशवाली नाही.
अकरा वर्षं फॅक्टरीत कॉड चिरला.
काटा कुठं वळतो, सुरी कुठं अडेल,
हे डोळ्यांच्या आधी अंगठ्याला समजायचं.
मग फॅक्टरी विकली गेली
आणि मी आल्टाला जाऊन दोन वर्षं
माणसांचे स्नायू पाठ केले, लॅटिन नावांसकट.
ओडवारला ती नावं सांगत नाही.
म्हणते, इथं दोर आहे. इथं दोराला पीळ बसलाय.
मान हलवतो.

पहिला महिना मी दाबलंच नाही.
नुसती लोकर फिरवली व्रणावरून,
मग खरखरीत टॉवेल, मग वाडगाभर कोरडे तांदूळ:
बोटं खुपस, म्हटलं, काय वाटतं सांग.
काही नाही.
पुढच्या मंगळवारी, काही नाही.
खिडकीबाहेर दुपारी एक वाजता दिवे लागलेले,
नोव्हेंबरपासून सूर्य नाही.
त्याबद्दल आम्ही बोललो नाही;
इकडे कुणी बोलत नाही.

मग तेल. वासाचं नको, म्हणाला, बोटीवर हसतील.
बोटीवर तो सप्टेंबरपासून गेला नव्हता.
अंगठ्यानं लहान लहान गोल,
व्रणाच्या कडेकडेनं, मध्ये नाही,
रागावलेल्या माणसाशी बोलताना
मूळ विषय सोडून बोलावं तसं.

कळ उठली त्या दिवशी तो ओरडला,
गप्प झाला, मग म्हणाला,
करंगळीत. करंगळीत काहीतरी झालं.
मी परत तिथंच दाबलं. जरा जास्तच, खरं तर.
कळ येते म्हणजे कळायला लागतं.
त्याच्या डोळ्यांत पाणी आलं ते दुखल्याचं
की दुसरं कसलं, विचारलं नाही.

लोक म्हणतात, माझ्या हाताला गुण आहे.
हाताला वयही असतं.
रात्री अंगठे मुळाशी ठणकतात,
बरणीचं झाकण शेजारच्या पोराकडून उघडून घेते.
हे मी कुणाला सांगत नाही.
त्याचा हात पहिल्यासारखा होणार नाही
हे मात्र सांगून टाकलं, जानेवारीअखेर,
सूर्य टेकडीवर डोकावला त्याच आठवड्यात.
वेळ चुकली माझी.
दोन मंगळवार तो आला नाही.

तिसऱ्या मंगळवारी बूट दारात.
बोलला काहीच नाही.
तास संपल्यावर मी कपाटाकडे वळले,
तर मागून माझ्या एप्रनचे सुटलेले बंद धरले
त्याच हातानं, दुसरा नुसता मदतीला,
आणि बांधायला लागला.
वेळ लागला. श्वास ऐकू येत होता.
एकदा निसटलं; शिवी हासडली, पुन्हा धरलं.
मी भिंतीवरच्या सांगाड्याच्या तक्त्याकडे बघत
हलले नाही.
झालं, म्हणाला. पैसे ठेवले. गेला.

अशी गाठ, की माझ्या अंगठ्यांना सुटेना.
कात्री ड्रॉवरमध्ये होती.
एप्रनवरच कोट चढवला
आणि तशीच घरी गेले,
वाटेत दुकानात थांबून
दूध घेतलं.