चूक-६

दहा वह्या आहेत माझ्याकडे, लाल कापडी पुठ्ठ्याच्या,
एक्याऐंशी ते नव्वद.
मिलच्या स्टोअरमधल्या हजेरीच्या वह्या त्या खरं तर;
कामगाराच्या रकान्यात मी खेळाडूचं नाव घातलं
आणि खाड्याच्या रकान्यात बाद.

मी शाळेत भूमितीची बाई.
हात न थरथरता चौकोन काढता येतो
एवढ्यावर मला टेबलाशी बसवलं होतं.

चिमणबागेत सकाळ क्रिकेटवाल्यांची.
आम्हाला दुपार मिळायची, मे महिन्यातलीसुद्धा.
बेसबॉल म्हटलं की लोक विचारत,
म्हणजे गिल्ली-डंडाच ना, भिया?
दोन संघांत मिळून अकरा हातमोजे.
डाव बदलला की ते मैदानावरच काढून ठेवायचे
आणि समोरच्याच्या घामात आपला हात घालायचा.
होम प्लेट मिलच्या रबरी पट्ट्यातून कापलेली,
बेस म्हणजे रद्दी सुताच्या गोण्या.
चेंडूचे एकशे आठ टाके जेल रोडवरचा किशन मोची
उसवले की पुन्हा घालायचा,
कधी नव्वदवरच थांबायचा. म्हणायचा, इतक्यात भागतंय.

मिल, बिजली मंडळ, पोलीस लाइन, पोस्ट.
खेळाचा पगार कुणीच देत नव्हतं,
पण खेळतो म्हणून पगार होता.

पिचर नारायणसिंगने ब्याऐंशीत एका दुपारी
चौदा जणांना परत पाठवलं.
चौऱ्याऐंशीच्या वहीत तो पंच आहे.
कॅचर अन्वरचा मुखवटा वेल्डिंग शॉपमधला, उन्हात तापायचा;
गालावर जाळीची खूण घेऊनच तो निकाहाला बसला.
डावीकडे लांब जॉर्ज मसीह.
तीन वर्षांत सात चेंडू गेले त्याच्याकडे. सातही झेलले.
आणि सहा नंबरला प्रल्हाद मुंगी,
स्पिनिंग खातं, रात्रपाळी,
चालत्या चातीवर तुटका धागा जोडणारी बोटं.

घरून निघून घरी पोचतो त्याची एक धाव.
तिसऱ्या गोणीवर अडकलेले मी एकदा मोजले होते.
चारशे बारा.
पुण्याची नणंद आली की विचारते,
तुमचं मूळ गाव कुठलं गं? मला ते चारशे बारा आठवतात.

सत्त्याऐंशीचा शेवटचा सामना. रेल्वेचे साहेब
पहिल्या बेसचा माणूस हेरायला आलेले, छत्री घेऊन.
मुंगीने वाकून चेंडू उचलला, फेकला,
छातीच्या उंचीवर, जसा हवा तसा.
रमजान नागोरीच्या मोज्यातून तो सुटला
तेव्हा साहेब थर्मासचं झाकण लावत होते.
मुंगीने लांबून माझ्याकडे पाहिलं
आणि स्वतःच्या छातीवर दोनदा बोट आपटलं.

मी लिहिलं: चूक-६.

रमजान रतलामला लागला, मग भुसावळला.
त्याच्या तिन्ही मुलींच्या लग्नपत्रिका मला आल्या.
मुंगी मिलमध्ये राहिला, मिल राहिली तोवर.

परवा तो आला. एमवाय हॉस्पिटलच्या सायकल स्टँडवर
टोकन देतो आता. बरोबर नातू.
बाई, हा म्हणतो तुमचं नाव नेटवर कुठेच नाही.
मी सत्त्याऐंशीची वही काढली.
लिखाण पेन्सिलीचं. रबर टेबलावर होतं,
त्याचा फोन आला तेव्हाच मी काढून ठेवलं होतं.
त्याने त्याला हात लावला नाही.
पानावर बोट ठेवलं. हे बघ, हा मी.

चूक म्हणजे? मुलाने विचारलं.

म्हणजे चेंडू माझ्याकडे आला होता.

मग चहा झाला. जाता जाता म्हणाला,
ते मोजे कुणाकडे आहेत हो?
मला माहीत नव्हतं. अकरा होते, मी म्हटलं.
दहा, तो म्हणाला. अकरावा उलट्या हाताचा,
जॉर्जशिवाय कुणाला बसायचाच नाही.

हे वहीत नव्हतं.
मी पेन्सिल शोधली.