माझ्या वजनाची

"दोन इंच खाली घेऊ," शमशाद म्हणतो,
हात ग्रीसमध्ये, नजर माझ्या टाचांवर.
टाचा अधांतरी. पाच फूट अर्धा इंच.

नको. कुरियातच्या रस्त्याला पोट घासेल गाडीचं.
आधी स्प्रिंग बघ.
कुणा नव्वद किलोच्या बाप्यासाठी
आवळून पाठवलीय ती कारखान्यानं,
आणि मी त्रेपन्न,
हेल्मेटसकट.
तीन वर्षं मस्कतचा एकेक गतिरोधक
माकडहाडानं मोजलाय.

तो पाना लावतो. एक आटा, दोन,
चौथ्याला गाडी सुस्कारते,
बोटभर दबते.
पहिल्यांदाच तिला कळलंय
कुणीतरी बसलंय.

टाचा अजून टेकत नाहीत.
डावा चवडा टेकतो,
तेवढा पुरे.
रुवीच्या सिग्नलला
उभं राहायला थोडीच आलेय मी.